सगळ्यांना सगळे अधिकार

माझी वहिनी कुणालाही न दुखावता नाही म्हणू शकते, असं आमच्या नात्यागोत्यात कौतुकाने सांगतात. साफ खोटं आहे. तिचं 'नाही' ऐकून मी स्वतः दोन दोन दिवस गाल फुगवून बसलेलो आहे. खरं एवढंच, की पुढे आपलं आपल्यालाच कळतं, ती म्हणाली तेच बरं होतं. ही तिच्या अशाच एका 'नाही'ची हकीकत. फरक इतकाच, की त्या वेळी थोडी चूक तिचीही होती, आणि ती चूक आम्हाला फार महागात पडता पडता राहिली.

आमचा कारखाना खिडक्यांचा. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या येतात, त्या कापून चौकटी होतात, चौकटीत काच बसते, काचेच्या कडेने रबर बसतं, आणि तयार खिडकी कुणाच्या तरी भिंतीत जाऊन बसते. मी काच कापतो. वहिनी वरच्या मजल्यावर ऑफिसात बसते आणि कुठलं काम कधी, कुणी, कुठे करायचं याची आखणी करते. मी तिचा सख्खा दीर, तेव्हा मी तिला वहिनी म्हणणार हे ठीकच. पण माझं ऐकून सगळा कारखाना तिला वहिनी म्हणतो. मालक तिच्या वडिलांच्या वयाचे, तेही वहिनी म्हणतात. झाडलोट आणि चहा बघणाऱ्या मावशींना तिच्याएवढी लेक आहे, त्याही वहिनीच म्हणतात.

ती पाच भावंडांत थोरली. आई दिवसभर कामावर, आणि संध्याकाळी भांडणं सोडवायला आईच्या अंगात त्राण नसायचं. ते काम हिच्याकडे आलं. तेव्हापासून तिचं एक ठाम मत आहे, की घरातली निम्मी भांडणं मदतीला धावणाऱ्या माणसांमुळे होतात. दोघं एकच बादली उचलायला जातात आणि पाणी मधेच सांडतं. म्हणून तिने भावंडांत कामं अशी वाटून दिली होती, की एकाच्या कामाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, प्रेमानेसुद्धा नाही. लग्न होऊन आमच्याकडे आली ती हे मत घेऊनच आली. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणं, चहा पार गार झाल्याशिवाय न पिणं आणि जिना दोन दोन पायऱ्यांनी चढणं, हे बाकीचं सामान.

आमच्या घरात या मताची पहिली गरज पडली ती बाबांच्या गोळीमुळे. बाबांना रक्तदाबाची गोळी असते. एका सकाळी आईने ती त्यांना दिली आणि ती बाजारात गेली. दादाला वाटलं राहिलीच, म्हणून त्यानेही दिली. बाबांना कुणाचं मन मोडवत नाही, त्यांनी मुकाट्याने घेतली. थोड्या वेळाने आपण गोळी घेतली की नाही हे त्यांना स्वतःलाच आठवेना, म्हणून त्यांनी आणखी एक घेतली आणि न्हाणीघराच्या दारात भोवळ येऊन पडले. नशीब थोर म्हणून कपाळावरच्या टेंगळावर निभावलं. त्याच संध्याकाळी वहिनीने गोळ्यांचा डबा उचलून आपल्या कपाटात अगदी वरच्या फळीवर ठेवला. म्हणाली, "आजपासून गोळी मी देणार. बाकी कुणी हात लावायचा नाही." कुणी हूं की चूं केलं नाही. बाबांनीही नाही. पुढे बाबा जरा गप्पगप्प झाले, पण ते वयाने असेल, असं आम्ही धरून चाललो.

आता कारखान्याकडे येतो.

मालकांच्या गळ्यात कुणीतरी एक सॉफ्टवेअर मारलं. प्रत्येक कामाचं एक कार्ड, आणि ते एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकत जाणार. माप, कटिंग, काच, बसवणी. काम वेळेत असेल तर कार्ड हिरवं, तारीख उलटली की लाल. खाली कारखान्यात भिंतीवर मोठा टीव्ही लागला आणि त्यावर सगळी कार्डं दिवसभर दिसू लागली. सॉफ्टवेअर बसवून द्यायला आलेल्या बाईंनी विचारलं, कुणाला कोणते अधिकार द्यायचे? मालकांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी नीट समजावलं, की कुणी नुसतं बघायचं, कुणी बदल करायचे, कुणी तारखा ठरवायच्या, असं वेगवेगळं देता येतं. मालकांनी हात झटकला. "छे छे, आमच्याकडे असलं परकेपण नाही. सगळ्यांना सगळे अधिकार द्या." बाईंनी परत एकदा विचारून पाहिलं, मग सुस्कारा सोडून दिले. अशा रीतीने आम्ही सगळे ॲडमिन झालो. मावशीसुद्धा. आपल्याला बढती मिळाली असं त्या शेजारीपाजारी बरेच दिवस सांगत होत्या.

वहिनी कारखान्यात कामाला आली ती यानंतर. त्याआधी ती एका दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर होती. एका खिडकीवरून शंभर खिडक्यांकडे आली, असं मी म्हणालो तेव्हा ती हसली नाही.

आमच्या मालकांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. ते ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हिरमुसतात. टीव्हीवर एखादं कार्ड लाल दिसलं की त्यांचा चेहरा उतरतो, ते केबिनमध्ये जाऊन बसतात आणि दुपारी डबा उघडत नाहीत. भरलेला डबा घरी गेला की त्यांच्या बायकोचा मावशींना फोन येतो, "आज पण तसाच आला हो, काय झालं?" ते ऐकून सगळ्यांच्याच घशाखाली घास उतरत नसे. मग एके दिवशी कुणीतरी, पहिलं कोण ते देव जाणे, मालक यायच्या आधी लाल कार्डाची तारीख थोडी पुढे ढकलली. कार्ड हिरवं झालं. मालक शीळ घालत आत गेले आणि डबा चाटूनपुसून खाल्ला. झालं, पायंडा पडला. सकाळी जो पहिला येईल त्याने लाल दिसेल ते हिरवं करायचं. लबाडी कुणाच्याच मनात नव्हती, सगळा मायेचा कारभार. टीव्ही कसा हिरवागार दिसायचा.

आणि मिस्त्री. मिस्त्री म्हणजे कारखान्याचा पाया. मालकांनी पत्र्याच्या शेडमध्ये पहिली करवत आणली तेव्हापासूनचे. माप घ्यावं तर त्यांनीच. भिंतीतलं भोक नकाशात सरळ असतं, भिंतीत कधीच नसतं, असं त्यांचं म्हणणं. रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजायची, सगळ्यात कमी भरेल ती धरायची, आणि मग कर्ण मोजून भोक कुठे कललंय ते बघायचं. परत आले की कटिंगच्या टेबलावर ते खडूने माप लिहीत आणि खाली एक आडवी रेघ ओढत. रेघ नसेल तर करवत चालू करायची नाही, हा दंडक. खुद्द मालक रेघेची वाट बघत उभे राहायचे.

सॉफ्टवेअर आलं आणि खडू गेला. रेघेच्या जागी कार्डावर 'माप पक्कं' असं आलं, त्यावर टिक करायची. पण मिस्त्रींच्या बोटांना आयुष्यभराचे घट्टे. बोट कितीही दाबलं तरी ते बोट आहे हे फोनला पटायचंच नाही. "याच्यापेक्षा भिंत लवकर ऐकते," म्हणून ते फोन खिशात टाकायचे. मग त्यांच्या वतीने जो तो टिक करायचा. मिस्त्री गेट उघडून आत येताना दिसले, म्हणजे माप झालंच असणार. कर टिक.

यात एक दिवस मुलांच्या वाचनालयाचं काम सापडलं. मिस्त्री तिथे मापाला गेले, बघतात तर प्लास्टर अजून ओलं. ओल्या भिंतीचं माप ते घेत नाहीत. तसेच परत आले. इकडे त्यांना गेटातून येताना बघून कुणीतरी टिक केली. कार्ड कटिंगला गेलं. कटिंगवाल्याने टिक बघून नकाशातली मापं घेतली, चौकटी कापल्या, मी काचा कापल्या. मधे कार्ड लाल झालं की कुणीतरी ते हिरवं करत होतंच. बसवायला गेलो तर एक चौकट भोकात जाईल तर शपथ.

वाचनालयाच्या बाई स्वतः कारखान्यात आल्या. टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "इथे हिरवं दिसतंय. माझ्याकडे भिंतीला भोकं आहेत. त्यांवर ताडपत्री लावलीये, आणि पोरं स्वेटर घालून वाचतायत."

त्या गेल्यावर मालकांनी विचारलं, "ही टिक कुणी केली?"

लपवण्यासारखं काही नव्हतं, खरोखर कुणालाच ठाऊक नव्हतं. सॉफ्टवेअरला विचारावं तर तिथे मालकांचंच नाव. खालच्या कॉम्प्युटरवर आम्ही सगळे मालकांच्याच नावाने आत शिरायचो ना. मालक आपल्या नावाकडे बघत बसले. डबा उघडायचा प्रश्नच नव्हता. शेवटी वहिनीला म्हणाले, "आता तुम्हीच बघा. काय बंद करायचं ते करा."

वहिनीने पदर खोचला. प्रत्येकाला स्वतःचं नाव, स्वतःचा पासवर्ड. बघायचं सगळं, पण हात लावायचा तो फक्त आपल्या रकान्याला. तारखा बदलायच्या तर तिला विचारून. मला फक्त 'काच झाली' एवढी टिक उरली. मावशींचं ॲडमिनपद गेलं आणि त्या आठवड्यात चहा नुसताच गरम पाणी होता. 'माप पक्कं'ची टिक मात्र वहिनीने स्वतःकडे ठेवली. मिस्त्रींनी माप घ्यायचं, तिला फोन करायचा, आणि टिक तिने करायची. बाबांच्या गोळीसारखं. एकच हात.

मिस्त्री त्या दिवशी बाहेर होते. त्यांना हे कुणी सांगितलंच नाही. वहिनीला वाटलं मी सांगेन, मला वाटलं ती सांगेल.

आणि इकडे मिस्त्रींनी वेगळंच मनावर घेतलं होतं. आपलं बोट चालत नाही म्हणून वाचनालयाचा घोळ झाला, हे त्यांना लागलं होतं. घरी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, समोर बसवून त्यांनी फोनवर टिक करायचा सराव केला. अंगठा नाही, तर्जनी नाही, मधलं नाही. शेवटी काकू म्हणाल्या, करंगळी करून बघा. करंगळी चालली! एवढ्या वर्षांत त्या एका बोटाला धंद्याचा घट्टा पडला नव्हता.

सकाळी ते एका घराचं माप घेऊन आले आणि सरळ टीव्हीसमोर उभे राहिले. "या रे सगळे," म्हणाले. आम्ही गोळा झालो. त्यांनी खिशातून फोन काढला आणि मोठ्या ऐटीत करंगळी वर केली. कटिंगवाला लगेच म्हणाला, "मिस्त्री, जाऊन या, पण लवकर या." हशा पिकला. शाळेत आम्ही सगळ्यांनी तशीच करंगळी वर करून बाईंची परवानगी मागितलेली. मिस्त्रीही हसले. मग त्यांनी करंगळी कार्डावर टेकवली.

फोनवर अक्षरं उमटली. 'तुम्हाला हा बदल करण्याची परवानगी नाही.'

त्यांनी पुन्हा टेकवली. पुन्हा तेच. त्यांना वाटलं बोटच चुकतंय, म्हणून त्यांनी ते शर्टाला पुसून तिसऱ्यांदा टेकवलं. तेव्हा मला तिथे उभं राहवेना. वहिनी जिन्यावरून धावत खाली आली आणि तिने एका दमात सगळं सांगितलं. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. मग कमरेचा मापाचा टेप काढून तिच्या हातात दिला.

"माप घ्यायला मी लागतो. माप झालं म्हणायला लागत नाही. होय ना?" ते म्हणाले. "मग हाही तुमच्याकडेच असू द्या."

ते गेले ते परत आले नाहीत. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक मोठा कारखाना आहे, तो कधीपासून त्यांच्या मागे होता. सोमवारी तिकडे हो म्हणून सांगणार, असं काकूंकडून कळलं. मालक त्यांच्या घरी जाऊन आले. तुमच्यावर राग नाही, एवढंच मिस्त्री बोलले आणि त्यांनी चहा पाजून मालकांना वाटेला लावलं. मालक परत आले ते थेट वहिनीच्या टेबलापाशी.

"वहिनी, होतं तसं करून टाका ना. सगळ्यांना सगळं. मिस्त्री गेले तर कारखाना कशाला ठेवू मी?"

"नाही," वहिनी म्हणाली.

हेच ते 'नाही'. मालकांचे डोळे भरून आले होते आणि ही बाई नाही म्हणाली. मला तिचा असा राग आला की काय सांगू.

"सगळ्यांना सगळं दिलं तर परत कुणाचंच काही राहणार नाही," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत थांबा. मी बघते काहीतरी." काय बघणार होती ते तिलाही माहीत नव्हतं. संध्याकाळी घरी आली तर टेप पर्समध्येच होता. जेवणाच्या ताटावर बसली आणि नुसती चिवडत राहिली.

"भाऊजी, चुकले का हो मी?" तिने मला विचारलं.

मी म्हणालो, "मला काय कळतंय? मी काच कापतो."

"चुकलीस," बाबा म्हणाले.

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. ते ऐकतायत हेच आम्ही विसरलो होतो. अलीकडे ते बोलतच कुठे होते?

"तू गोळ्यांचा डबा वर ठेवलास ना, सूनबाई, ते माझ्या जिवासाठी केलंस. मला कळतं ते. पण त्या दिवसापासून मी या घरात पाहुणा झालोय. रोज सकाळी हात पुढे करायचा आणि तू देशील ती गोळी तोंडात टाकायची. रक्तदाब माझा, गोळी माझी, आणि मला तिथे हात लावायची बंदी." बाबा थांबले. "एकाच हातात असावं हे बरोबर. पण तो हात तुझाच का?"

दादा पाणी प्यायला उठला तो तिकडेच रेंगाळला. वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि चष्मा डोक्यावर असल्यामुळे ते सगळ्यांना दिसलं. ती उठली, कपाटातून डबा काढला आणि आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेली एक डबी आणून बाबांच्या पुढ्यात बसली.

"रविवारी मी भरून ठेवीन. रोज उघडायचं तुम्ही. बाकी कुणी नाही. मी पण नाही."

"आणि मला आठवलं नाही तर?"

"तर कप्पा बघायचा. रिकामा असेल तर घेतलीत."

बाबांनी डबी कानाशी नेऊन खुळखुळवली आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकली. कित्येक दिवसांनी त्यांनी आईला हाक मारून आणखी थोडा भात मागितला. वहिनी मात्र ताटावर परत बसलीच नाही. तिथल्या तिथे फोन काढून ती कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी करत बसली.

रविवारी सकाळी ती, मालक आणि मी, असे तिघं मिस्त्रींच्या घरी गेलो. मिस्त्री स्वतःच्याच खिडकीची कडी दुरुस्त करत होते. आयुष्यभर लोकांच्या खिडक्या बसवल्या आणि यांच्या घरची एक खिडकी धड लागत नाही, असं काकूंनी आम्हाला दारातच सांगून टाकलं. मिस्त्रींनी मान वर केली नाही.

वहिनी उभ्या उभ्याच बोलली. "मिस्त्री, माझं चुकलं. टिक एकाच माणसाची असावी हे मी बरोबर ठरवलं. माणूस चुकीचा ठरवला."

तिने आपला फोन काढला, जुनी खोटी टिक काढून परत मापाच्या रकान्यात आणलेलं वाचनालयाचं कार्ड उघडलं आणि मिस्त्रींच्या नाकासमोर धरून 'माप पक्कं'वर बोट दाबलं. 'तुम्हाला हा बदल करण्याची परवानगी नाही.' मग ती मालकांना म्हणाली, "दाबा." मालकांनी आपला फोन काढून दाबलं. त्यांनाही परवानगी नाही. स्वतःच्या कारखान्यात आपल्याला परवानगी नाही हे बघून मालक इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी परत एकदा दाबून खात्री केली.

मी म्हणालो, "माझं तर विचारूच नका."

"आता तुमचा काढा," वहिनी म्हणाली.

मिस्त्रींनी कडी खाली ठेवली. हात पुसले. फोन काढून ते बराच वेळ कार्डाकडे बघत राहिले. या वेळी टिकची चौकट उघडी होती, नुसती बोट टेकवायची खोटी. काकूही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"ही टिक मी कशी करू?" मिस्त्री एकदम खेकसले. "माप कुठे घेतलंय मी वाचनालयाचं? प्लास्टर ओलं होतं! माप घेतल्याशिवाय टिक करू? वेड लागलंय का तुम्हाला?"

वहिनी हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. तिने पर्समधून टेप काढून त्यांच्यापुढे धरला.

टेप घेण्याआधी त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला मालकांना. "उद्या तुम्हाला घाई झाली तर?"

"तर तुमच्या मागे येऊन उभा राहीन. रेघेची वाट बघायचो तसा."

दुसरा वहिनीला. "आणि मी आजारी पडलो तर?"

"तर तुम्ही ज्याचं नाव सांगाल त्याला तेवढ्या दिवसांपुरता अधिकार देईन. नाव तुम्ही सांगायचं."

मिस्त्रींनी टेप कमरेला लावला. दुसऱ्या कारखान्याला फोन करून नाही सांगायचं काम त्यांनी काकूंवर सोपवलं. म्हणाले, हिला नाही म्हणायची सवय आहे.

सोमवारी सकाळी मालक यायच्या आधी आम्ही सगळे टीव्हीसमोर उभे होतो. वाचनालयाचं कार्ड लालभडक. वहिनीने खरी तारीख टाकली होती, ती कधीच उलटून गेलेली. कटिंगवाल्याचे हात शिवशिवत होते, मावशी तर पदराने टीव्हीच पुसायला निघाल्या. पण कुणालाच काही करता येईना. मालक आले, लाल बघितलं, चेहरा उतरला आणि ते केबिनमध्ये गेले. आम्हाला वाटलं, आजही डबा परत जाणार.

दुपारी मिस्त्री वाचनालयाहून आले. कपड्यांवर चुना, हातात स्वतःचा डबा. सरळ मालकांच्या केबिनमध्ये शिरले आणि समोर बसले. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू आलं.

"लाल आहे," मिस्त्री म्हणाले.

"दिसतंय," मालक म्हणाले.

"भिंत वाळलीये. मी माप घेतलंय, तिथून निघताना टिकही केली. चौकटी नव्या कापाव्या लागतील. बसेपर्यंत लालच राहणार. वाचनालयाच्या बाईंना मी तसं तोंडावर सांगून आलोय." त्यांनी आपल्या डब्याचं झाकण काढलं. "जे आहे ते आहे. उघडा तुमचा. जेवून घेऊ."

मग दुसऱ्या डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मावशींनी तिथल्या तिथे मालकांच्या घरी फोन लावला.

कार्ड पुढे बरेच दिवस लाल राहिलं. आधी आधी ते डोळ्यांत खुपायचं, मग त्याचा वेगळाच उपयोग दिसू लागला. लाल आहे म्हणून कटिंगवाल्याने आपणहून ते काम आधी घेतलं, लाल आहे म्हणून मी काचा कापताना जेवायची सुट्टी पुढे ढकलली. हिरवं होतं तेव्हा हे कुणाला सुचलं नव्हतं. माझ्या टिकवर आता माझंच नाव येत होतं, आणि खरं सांगायचं तर ती टिक करताना काच दोनदा मोजून बघायची सवय मला तेव्हा लागली. मावशींनाही वहिनीने एक रकाना काढून दिला, 'गाडी निघाली'. गेटपाशी त्याच असतात, गाडी कधी निघते ते त्यांनाच कळतं. त्यांची टिक झाल्याशिवाय ड्रायव्हर हल्ली गिअर टाकत नाही. चहा पूर्वीसारखा झाला.

घरी सकाळी बाबा चहाच्या आधी डबी उघडतात आणि गोळी घेऊन सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडतात, "घेतली!" शेजारच्यांनीही आता त्यावर घड्याळ लावलंय. आई म्हणते, एवढं ओरडायची काय गरज आहे. मला वाटतं आहे.

शेवटची खिडकी बसली त्या दिवशी मी कारखान्यातच होतो. बसवणी संपली की मापाप्रमाणे बसली का हे बघून कार्ड बंद करायचं, तेही वहिनीने मिस्त्रींच्याच नावावर केलं होतं. दुपार कलताना टीव्हीवरचं ते लाल कार्ड डोळ्यांदेखत हिरवं झालं. सगळ्यांचे हात थांबले. वहिनी दोन दोन पायऱ्या उतरत खाली आली. केबिनमधून मालक बाहेर आले, टीव्हीकडे बघितलं, आणि जुन्या भीतीने त्यांनी विचारलं, "कुणी केलं?"

गेटातून मिस्त्री आत येत होते, एका हातात टेप, कपड्यांवर चुना. त्यांनी तिथूनच करंगळी वर केली.